टेबलावरची गोळी आणि कपाटातली गोळी



बरेच दिवस इथे काही लिहिले नाही. कारण विचाराल तर आळस, दुसरे काय! पण गेल्या महिन्यात एक प्रसंग घडला आणि तेव्हापासून मनाला टोचणी लागून राहिली आहे. ती इथे उतरवल्याशिवाय चैन पडणार नाही असे दिसते. आमच्या नात्यातली मंडळी हे वाचतात, ते मला ठाऊक आहे. किंबहुना त्यांनी वाचावे म्हणूनच लिहितो आहे. जिच्याबद्दल लिहितो आहे तिला आधी विचारले. ती म्हणाली, "लिहा आबा, नाव तेवढं घालू नका." म्हणून नाव घालत नाही.

तर प्रसंग असा. माझ्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे आमच्या आक्काच्या नातीच्या लग्नाची बोलणी चालू आहेत. मुलगी लातूरला नोकरी करते, हुशार आहे. स्थळही चांगले आले आहे. पाहुणे येऊन मुलगी बघून गेले, त्यांचा होकारही आला. मग घरातली आठ-दहा मोठी माणसे बसली. देणेघेणे, कार्यालय, तारीख असे सगळे झाल्यावर कुणीतरी हळू आवाजात विषय काढला.

"त्या गोळ्यांचं काय करायचं?"

मुलगी आठ महिन्यांपासून मनोविकारतज्ज्ञांच्या गोळ्या घेते आहे. एका क्षणात खोली गप्प झाली. मग एक एक जण बोलू लागला. आता बरी आहे ना पोरगी? मग बंद करा की गोळ्या. लग्नाला दोन महिने आहेत, तोवर सुटतील. पाकिटं घरात दिसू देऊ नका. पाहुण्यांना कशाला कळायला पाहिजे? पोरीच्या जातीला एकदा डाग लागला की लागला.

कोण काय बोलले ते महत्त्वाचे नाही. सगळे तिच्या काळजीपोटीच बोलत होते. शेवटी माझ्याकडे वळून कुणीतरी म्हणाले, "काय मामा, तुम्ही शिकलेले. बरोबर हाय का न्हाय?"

माझ्या हातात चहाचा कप होता. मला मधुमेह आहे, चहात साखर नसते. तरी मी चमचा फिरवत बसलो होतो. मी म्हणालो, "बघा बुवा, तुम्हीच ठरवा."

पस्तीस वर्षे मुलांना 'खरे बोलावे' शिकवणाऱ्या माणसाचे हे उत्तर! आणि त्यातली गंमत अशी, की त्या खोलीत त्या गोळ्यांबद्दल खात्रीने बोलू शकेल असा मीच एकटा होतो. कारण त्याच जातीच्या गोळ्या मी स्वतः घेतल्या आहेत. दीड वर्षाहून जास्त. हे आजवर माझी सौ., मुलगा आणि डॉक्टर सोडून कुणालाच माहीत नव्हते. आज तुम्हा सर्वांना कळले.

आमच्या जेवणाच्या टेबलावर एक स्टीलचा डबा असतो. त्यात माझ्या साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या. आल्यागेल्यासमोर मी त्या घेतो. पाहुणे आपणहून विचारतात, "किती पॉवरची घेता?" मग शुगरवर अर्धा तास गप्पा रंगतात. पण २०१२ साली जी तिसरी गोळी सुरू झाली, ती मात्र कपाटात, शब्दकोशाच्या मागे ठेवलेली असायची. रात्री जेवण झाल्यावर मी 'एक शब्द बघतो' म्हणून आत जायचो आणि चोरासारखी गोळी घेऊन यायचो. शरीर एकच, पाणीही त्याच माठातले. मग एक गोळी टेबलावर आणि एक कपाटात, असे का?

२०१२ ची गोष्ट आता सांगूनच टाकतो.

मला निवृत्त होऊन चार वर्षे झाली होती. पेन्शन नियमित, मुलगा पुण्यात नोकरीला लागलेला, घराला नवा रंग दिलेला. कसलीही अडचण नव्हती. आणि नेमके तेव्हाच मला रोज पहाटे साडेतीन-चारला जाग येऊ लागली. जाग आली की छातीवर दगड ठेवल्यासारखे वाटायचे. परत झोप नाही. सकाळ सगळ्यात वाईट जायची. दुपारनंतर जरा बरे वाटे. जेवणाची चव गेली. वर्तमानपत्र हातात घेतले तर एकच ओळ चार-चार वेळा वाचायचो. नातू फोनवर बोलायला आला तरी 'कधी एकदा हा फोन ठेवतो' असे व्हायचे आणि फोन ठेवल्यावर त्याचीच लाज वाटायची. आपण सगळ्यांना ओझे झालो आहोत, हा विचार डोक्यातून हलेना. दोन महिन्यांत वजन सहा किलोने उतरले.

सौ.ला वाटले, शुगर वाढली. तपासली, तर ती ठीक. थायरॉइड झाले, बी-१२ झाले. सगळे ठीक. ओळखीचे लोक म्हणायचे, "मास्तर, तुम्हाला काय कमी आहे? देवानं सगळं दिलंय." या वाक्याइतका त्रास मला दुसऱ्या कशाने झाला नसेल. कारण खरोखरच काही कमी नव्हते! मग मी रडतो कशाला? याचा अर्थ मी कृतघ्न आहे, भेकड आहे, असेच मला वाटायचे.

आणि पहाटेची ती वेळ. किल्लारीच्या माणसाला पहाटे चारच्या सुमारास जाग येते म्हटल्यावर कुणालाही काय आठवेल ते सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. गणपती विसर्जन करून गाव नुकते झोपले होते. आमच्याकडची ती माळवदाची घरे. दोन-दोन, तीन-तीन फूट रुंदीच्या दगडमातीच्या भिंती आणि वर लाकडावर पसरलेला मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार. त्या पहाटे तीच घरे आमच्या अंगावर आली. ८ ते १० हजार माणसे गेली. त्यात माझी आई होती. पुढे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातली ५२ गावे उठवून नव्या जागी वसवली गेली.

मी तेव्हा बेचाळीस-त्रेचाळीस वर्षांचा. काही दिवसांनी तंबूत शाळा सुरू झाली. हजेरीपट जुनाच होता, ढिगाऱ्यातून काढलेला. हजेरी घेताना कोणत्या नावावर थांबायचे नाही ते मला आधी लक्षात ठेवावे लागे. मी रडलो नाही. सगळे म्हणायचे, गुरुजी खंबीर आहेत. मलाही तसेच वाटायचे.

म्हणून १९ वर्षांनी जेव्हा पहाटे जाग येऊ लागली तेव्हा मी मनाशी निदान करून टाकले, की हा भूकंपच आहे, तेव्हा न रडलेले आता बाहेर येते आहे. लातूरच्या ज्या डॉक्टरांकडे मुलाने मला जवळजवळ ओढून नेले, त्यांनाही मी हेच सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, "सर, असेलही. नसेलही. पण पहाटे लवकर जाग येणं, सकाळी जास्त वाईट वाटणं, वजन उतरणं, ही नैराश्याच्या आजाराची नेहमीची लक्षणं आहेत. ज्यांनी आयुष्यात भूकंप पाहिला नाही त्यांनाही अशीच जाग येते. कारण सापडेपर्यंत आपण उपचार थांबवायचे नसतात. ताप आला तर डास कुठला ते शोधत बसतो का?"

मंडळी, या एका वाक्याने माझ्या डोक्यातली गाठ सुटली.

आपल्याकडे अशी समजूत आहे की मन मोडायला काहीतरी मोठे कारण लागते. भूकंपानंतर कुणी कुणाला 'तुला काय कमी आहे' असे विचारत नव्हते. ट्रकचा आवाज आला तरी माणसे घराबाहेर पळत. पत्र्याच्या शेडमध्येसुद्धा आत झोपायला तयार नसत. कुणाची वाचा बसली होती, कुणाची झोप गेली होती, कुणाच्या हाती भरपाईचे पैसे आले आणि ते दारूत गेले. हे सगळे आम्ही पाहिले. पण कुणी त्यांना वेडे म्हटले नाही, कारण कारण दिसत होते. ते ढिगारे होऊन समोर पडले होते.

त्या काळात तज्ज्ञ मंडळीही आली. आपण ज्यांना सिनेमा-नाटकातून ओळखतो ते डॉ. मोहन आगाशे मुळात मनोविकारतज्ज्ञ. भूकंपाचा लोकांच्या मनावर काय परिणाम झाला याचा अभ्यास भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने हाती घेतला, त्याचे ते प्रमुख संशोधक होते. या भूकंपातून वाचलेल्यांच्या मानसिक आजारांवरचा एक लेख १९९६ साली अमेरिकेतल्या मानसोपचाराच्या नामांकित नियतकालिकात छापून आला. तपासलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांना काही ना काही मानसिक आजार आढळला, असे त्यात होते. आघातानंतरचा तणावाचा आजार आणि नैराश्य हे त्यातले मुख्य. म्हणजे जगाच्या पुस्तकात आमच्या गावच्या मनाची नोंद झाली. आम्हाला गावात मात्र त्याचा पत्ता नव्हता. आम्ही म्हणत होतो, "धसका घेतलाय, जाईल हळूहळू." नाहीतर मग लिंबू उतरवायचे, देवऋषी गाठायचा.

मीही त्यातलाच. माझ्या वर्गात एक मुलगा होता, घरातली तीन माणसे गमावलेला. हजेरीला नाव घेतले तरी तो 'हजर' म्हणत नसे. एके दिवशी मी चिडलो आणि त्याला मागे उभे केले. त्या मुलाचे काहीतरी दुखते आहे हे कळायला बी.ए. लागत नाही, पण मला कळले नाही. पुष्कळ वर्षांनी तो उमरग्याच्या स्टँडवर भेटला, पाया पडला. म्हणाला, "सर, तवा मला वर्गात दुसराच आवाज यायचा." मी काय बोलणार?

असो. विषय भूकंपाचा नाही. विषय त्यांचा आहे ज्यांच्या घरावर कोणतीच भिंत पडलेली नाही आणि तरी मन आजारी पडते. त्यांना आपण कारण विचारत बसतो. कारण देता आले नाही तर म्हणतो, 'नाटक करते', 'लाडावलेली आहे', 'रिकामे मन'. मधुमेह झालेल्याला कुणी म्हणते का, की तुझे स्वादुपिंड लाडावलेले आहे?

आता मास्तर म्हटल्यावर थोडे शिकवल्याशिवाय राहवत नाही, तेव्हा सहन करा.

मनाचे आजार म्हणजे वेड, हे समीकरण आधी पुसून टाका. नेहमी आढळणारे आजार साधे असतात. साधे म्हणजे हलके नव्हेत, सर्दी-पडशासारखे घरोघर आढळणारे. एक नैराश्य, ज्याचे वर्णन वर झाले. दुःख आणि नैराश्य यांत फरक आहे. आई गेली तेव्हा मला झाले ते दुःख. त्यातही मुलगा हसला की हसू यायचे. नैराश्यात ते येत नाही. असे उदासपण किंवा कशातच रस नसणे दोन आठवड्यांहून जास्त काळ, रोज, दिवसाचा बराचसा वेळ टिकले आणि झोप, भूक, कामधाम बिघडले, तर डॉक्टरांना दाखवावे, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

दुसरा चिंतेचा आजार. आपल्याकडे म्हण आहे, मन चिंती ते वैरी न चिंती. काळजी सगळ्यांनाच असते, पण या आजारात ती महिनोन् महिने नळासारखी गळत राहते. तिसरा मंत्रचळ, म्हणजे तोच तो विचार आणि तीच ती कृती. हात धुऊन धुऊन कातडी निघते, कुलूप दहादा ओढून पाहिले तरी समाधान होत नाही. त्या माणसालाही कळत असते की हे व्यर्थ आहे, पण थांबवता येत नाही. बाळंतपणानंतर येणारे नैराश्य असते, त्याला आपण 'बाहेरची बाधा' म्हणून मोकळे होतो. दारूचे व्यसन हाही आजारच आहे.

आणि चौथा, आमच्या नातीला झालेला, अचानक घाबरण्याचे झटके. इंग्रजीत त्याला पॅनिक म्हणतात. लातूरहून औशाला येणाऱ्या एस.टी.त ती बसली होती. एकदम छाती धडधडू लागली, घाम फुटला, श्वास पुरेना, हातापायाला मुंग्या आल्या. आता आपण मरणार अशी तिची खात्री झाली आणि ती मध्येच उतरली. कार्डिओग्राम काढला, तो चांगला. दुसऱ्या वेळी, तिसऱ्या वेळी तेच. कुणी म्हणाले गॅस, कुणी म्हणाले दृष्ट. शेवटी हृदयाच्या डॉक्टरांनीच तिला मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले.

किल्लारीकरांना हे समजावणे सोपे आहे. भूकंपानंतर ट्रक गेला तरी आपण बाहेर पळत होतो ना? शरीराची धोक्याची घंटा ती. या आजारात ट्रकसुद्धा नसतो आणि घंटा वाजते. झटका काही मिनिटांत शिगेला पोचतो आणि उतरतो. त्याने हृदय बंद पडत नाही. पण ज्याला होतो तो पुन्हा होईल या भीतीने बस सोडतो, बाजार सोडतो, हळूहळू नोकरी सोडतो. तिचेही तसेच होत चालले होते.

उपचार दोन प्रकारचे असतात, गोळ्या आणि बोलण्याचे उपचार. सौम्य आजार नुसत्या बोलण्याच्या उपचारांनीही बरा होतो. जास्त असेल तर दोन्ही लागतात. बोलणे म्हणजे नुसत्या गप्पा किंवा उपदेश नव्हे. नातीला समुपदेशक ताईंनी काय करायला लावले, पाहा. आधी फक्त उभ्या असलेल्या एस.टी.त दहा मिनिटे बसायचे आणि उतरायचे. मग पुढच्या थांब्यापर्यंत जायचे. मग औशापर्यंत. भीती वाटली तरी उतरायचे नाही, ती ओसरेपर्यंत बसून राहायचे. असे करत करत मनाला पटते की घंटा खोटी आहे. ऐकता ऐकता मला आमची सौ. आठवली. भूकंपानंतर ती छताखाली झोपायला तयार नव्हती. आधी अंगणात, मग ओसरीवर, मग दार उघडे ठेवून उंबऱ्याजवळ, असे करत ती दोन वर्षांनी आतल्या खोलीत झोपली. कुणी शिकवले नव्हते. तेच काम जाणत्या माणसाच्या मदतीने काही आठवड्यांत होऊ शकते.

आता गोळ्या. मला दिली ती गोळी रोज एक. डॉक्टरांनी बजावले होते, की गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्तही लागतात. सुरुवातीला मळमळेल, थोडी घाबरट वाढल्यासारखी वाटेल, पण सोडू नका. आठव्या दिवशी मी म्हणालो, "काही उपयोग नाही, बंद करतो." सौ. म्हणाली, "साखरेची गोळी आठ दिवसांत बंद केली होती का?" माझ्यापेक्षा तिला जास्त कळत होते. तिसऱ्या आठवड्यात एके दिवशी जाग आली तेव्हा उजाडलेले होते. बाहेर दूधवाला ओरडत होता. किती दिवसांनी मी दूधवाल्याचा आवाज अंथरुणातून ऐकला!

आणि मग मी तीच चूक केली, जी त्या दिवशी आमच्या नातीकडून करवून घेण्याचे ठरत होते. चार महिन्यांनी मी अगदी ठणठणीत झालो आणि कुणालाही न विचारता गोळी बंद केली. दीड महिन्यात आजार परत आला, पहिल्यापेक्षा वाईट. त्या वेळच्या काही रात्रींबद्दल मी इथे लिहिणार नाही. एवढेच सांगतो, की आपण नसलो तर बरे, असे वाटू लागले होते आणि मी ते सौ.ला सांगितले म्हणून आज लिहितो आहे. बरे वाटल्यानंतरही निदान सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवायची असते आणि सोडताना डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करत सोडायची असते. एकदम सोडली तर चक्कर, अस्वस्थता असा त्रास होतो तो वेगळाच. दुसऱ्या वेळी मी शहाण्यासारखा वागलो आणि २०१४ साली माझी गोळी रीतसर बंद झाली. दुखणे हत्तीच्या पायाने येते आणि मुंगीच्या पायाने जाते, ते उगाच नाही.

'त्या गोळ्यांची सवय लागते' असे आक्कापासून सगळे म्हणतात. यात थोडे तथ्य आहे म्हणून स्पष्ट करतो. झोपेच्या आणि लगेच शांत करणाऱ्या काही गोळ्या असतात. त्या फार दिवस घेतल्या तर सवय लागते, म्हणून डॉक्टर त्या थोडे दिवसच देतात आणि मेडिकलवाल्याकडून परस्पर आणून तर कधीच घेऊ नयेत. नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्या वेगळ्या. त्यांची दारूसारखी तलफ येत नाही, डोस वाढवत न्यावा लागत नाही. त्यांचेही काही त्रास असतात, नाही असे नाही. काहींची भूक बदलते, काहींचे पोट बिघडते. ते डॉक्टरांना सांगावेत, गोळी बदलता येते.

'आमच्या काळी हे नव्हतं' असेही म्हणतात. अहो, होते. विहिरी कशाने भरल्या मग? आपण त्यांना नाव देत नव्हतो एवढेच. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत घरोघर पाहणी केली. दर १०० प्रौढांमागे जवळजवळ ११ जणांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार होता. आणि नैराश्य-चिंतेसारखे नेहमीचे आजार असलेल्या १०० जणांपैकी सुमारे ८५ जणांना उपचार मिळतच नव्हते. म्हणजे वर्गातल्या शंभर आजारी मुलांपैकी पंच्याऐंशी मुलांना मी मागे उभे केलेले आहे, असा त्याचा अर्थ मी लावतो.

उपचार फार महाग असतील, पुण्या-मुंबईलाच असतील, असे समजू नका. १९९३ साली लातुरात सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही नव्हते. आता लातूर, नांदेड आणि अंबाजोगाई या तिन्ही ठिकाणी ते आहे, तिथे मानसोपचार विभाग असतो. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात सरकारी रुग्णालयात तपासणी आणि औषधे मिळतात. ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली-मानस' ही केंद्र सरकारची फोनसेवा आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक, चोवीस तास, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. मराठवाड्यातल्या किती घरांत शेतकऱ्याने फास घेतल्यावर लोक म्हणाले, 'आदल्या दिवशी तर चांगला बोलत होता.' कर्ज आणि दुष्काळ हे खरेच आहेत, ते गोळीने जात नाहीत. पण ते झेलायला माणूस शिल्लक राहिला पाहिजे. कुणाबद्दल शंका आली तर सरळ विचारावे, 'जीव द्यावासा वाटतो का?' विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट, कुणीतरी विचारले म्हणून माणूस बोलता होतो. मी झालो.

किल्लारीला १९९२ सालीही धक्के बसले होते, जमिनीतून आवाज येत होते. लोक काही दिवस बाहेर झोपले आणि मग घरात परतले. त्या धक्क्यांचे करायचे काय ते तेव्हा कुणालाच नेमके माहीत नव्हते, म्हणून कुणाला दोष देता येत नाही. मनाच्या धक्क्यांचे काय करायचे ते मात्र आता माहीत आहे. माहीत असून आपण पाकिटे लपवली तर दोष आपलाच.

आता लग्नाचे. काही जण म्हणाले, कायद्यात बसत नाही, पुढे सोडचिठ्ठी मागतील. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात मानसिक आजाराचा उल्लेख आहे हे खरे, पण तो लग्नाला आणि संसाराला माणूस अपात्र ठरावा इतक्या गंभीर आजाराचा आहे. त्याच कायद्यात पूर्वी फेफऱ्याचाही उल्लेख होता. १९९९ साली तो काढून टाकला, कारण फेफरे औषधाने आटोक्यात राहते हे सगळ्यांना पटले. रोज नोकरीवर जाणारी, एस.टी.ने एकटी फिरणारी मुलगी एक गोळी घेते म्हणून अपात्र होत नाही. पण लपवून ठेवले आणि उद्या सासरी कपाटात पाकीट सापडले, तर आजारापेक्षा लपवाछपवीच जास्त बोचेल. गोळ्या घाईने बंद केल्या आणि नव्या घरात, नव्या माणसांत झटका आला, तर तिने कुणाला सांगायचे? तिथे तर कुणाला माहीतच नसणार. माझ्यापाशी निदान सौ. होती.

हे सगळे मला त्या खोलीत बोलायचे होते आणि मी चमचा फिरवत बसलो.

चार दिवसांनी मी तिला फोन केला आणि माझी सगळी गोष्ट सांगितली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आबा, मग त्या दिवशी का नाही बोललात?" मी म्हणालो, "भ्यालो." ती हसली. म्हणाली, "मला वाटलं भीतीचा आजार मलाच आहे."

गोळ्या तिने बंद केलेल्या नाहीत. मुलाला ती स्वतःच सांगणार आहे, मोठ्यांनी मध्ये पडायचे नाही अशी तिची अट आहे आणि ती रास्त आहे. तो काय म्हणेल ते मला माहीत नाही. कदाचित स्थळ जाईल. गेले तर घरात मोठा कालवा होईल आणि मास्तरने फूस लावली म्हणतील. म्हणू देत.

येत्या रविवारी आक्काकडे पुन्हा बैठक आहे. मी जाणार आहे. विषय निघाला तर या वेळी आधी माझे सांगेन, मग तिचे. आणि जेवण झाल्यावर तिने तिची गोळी माझ्या गोळ्यांबरोबर, सगळ्यांसमोर टेबलावर बसून घ्यावी असे तिला सुचवले आहे. ती म्हणाली, "बघू." तेवढेही पुष्कळ झाले.

कळावे, लोभ असावा.